हुरड्याची दुसरी मूठ

आई,
लातूरहून तुझ्या लेकीचा जय भीम.

गुडघा कसा हाय? तेल लावतीस ना?

काल आमच्या संविधान गटानं वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांना शेतावर हुरड्याला बोलावलं होतं. भाषण न्हाई, हार न्हाई. मांडी घालून बसायचं आन् प्रश्नांची उत्तरं द्यायची. भांडण काही झालं न्हाई, तू घोर लावून घेऊ नको.

भगवानराव पाटील म्हणून एक उमेदवार हायेत. त्यांना गरम कणीस चोळता येईना, म्हणून मीच चोळून दिलं. लई आवडलं. त्यांनी पुन्हा माझ्यापुढं हात केला.

लोह्याला शेताचा मालक शिवायला नको म्हणून तुझ्या पदरात हुरडा दुरून टाकायचा, ते आठवलं. आधी आमच्या गल्लीतल्या नळाला पाणी कधी येणार, त्याचं उत्तर घेतलं, मगच दुसरी मूठ दिली.

तुझी,
महामाया