जांभळीखालचा देव

आई,

लोणावळ्याहून तुझी रूपा पाया पडते. मी बरी हाय, जेवण येळेवर मिळतं. तुझा खोकला कसा हाय? हे शेजारच्या उमेशकडून वाचून घे, पण आबा घरात नसताना.

हितं रिसॉर्टात पाहुणे चिठ्ठीवर विषय लिहून देत्यात आणि मी तितल्या तितं गाणं जुळवते, तू हळदीला जुळवतीस तसं. काल दुपारी एका साहेबानं लिहिलं, ‘माझा नवा प्लॉट.’ खाली आपल्या वाडीचं नाव होतं.

तरी तोंडानं सवयीनं सुरुवात केली. आधी जागेचा देव, मग देवामागून मालकाचं नाव, असं तूच शिकवलंस. मी जांभळीखालचा आपला वाघोबा गायला, त्याच्याशेजारी मातीत निजलेली आजी गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उठून पुढं आला.

“जांभळीखाली काय आहे? मला कुणीच सांगितलं नाही.”

त्योच म्हणाला, गुरुवारी तो जेसीबी घेऊन येतोय. आबानं कुटं जमिनीच्या कागदावर अंगठा तर दिला न्हाई ना? रागावणार न्हाई, पण खरं कळव. गुरुवारी सकाळपासून भावकीतल्या बायकांना घेऊन तू जांभळीखाली बस. मी बुधवारी निघते. बस न्हाई मिळाली तर चालत येईन.

साहेब सारखा म्हणत होता, आता माझं नाव घाल. माईक हातात होता, समदे वाट बघत होते. आई, मी वाघोबामागून तुझं नाव घेतलं.

तुझी,
रूपा