भरल्या ताटावरून उठलेल्या व्याह्याचा खुलासा

सातपूर, नाशिक
मंगळवार

ती. देवरामअण्णा यांस, तुमचा व्याही कारभारी याचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं तर रविवारपासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. तुमची तब्येत कशी आहे? विहीणबाईंचे गुडघे? चाळीतला कांदा? (फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि पुढचा मजकूर विहीणबाईंच्या कानावर पडला तर मला लासलगावच्या शिवेत पुन्हा तोंड दाखवता येणार नाही.)

अण्णा, मी अजून हादरलेलोच आहे. नातवाच्या जावळाला यायचं, मामाच्या मांडीवर पोराचे केस उतरलेले बघायचे, दोन घास खायचे आणि संध्याकाळच्या बसने परतायचं, एवढाच माझा बेत. आणि झालं काय, तर गावभर बोभाटा की मुलाचा बाप रुसला! अहो, मी आणि रुसवा? तुमच्या सायलीच्या लग्नात माझी नवी कोरी चप्पल तुमच्या भावकीतल्या कुणीतरी लांबवली, तेव्हासुद्धा मी हूं का चूं केलं नाही. अनवाणी परत आलो.

आता खरं काय ते लिहितो. (दार लावून घेतलं आहे.) मला प्रोस्टेटचा त्रास आहे. लिहिलं बुवा एकदाचं! उतारवयात पुरुषाची ही गाठ फुगते आणि लघवीची वाट अडवते. घाई अशी की धावत सुटावं, आणि जाऊन उभं राहिलं की उन्हाळ्यातल्या नळासारखी नुसती वाट बघायची. त्यावर मला कडक पथ्य आहे. चहा बंद, तिखट बंद, मटण बंद. शिजवलेला टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया चालू.

म्हणून विहीणबाईंनी आल्या आल्या चहा आणला तेव्हा मी नको म्हणालो. त्यांनी कमी साखरेचा आणला, तोही नको म्हणालो. मग त्यांनी कपाटातली ठेवणीतली कपबशी काढली. तिसऱ्यांदा नको म्हणालो तेव्हा ती कपबशी ज्या आवाजात परत कपाटात गेली, त्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. पुढे पंगत बसली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री, आणि माझ्या ताटात मानाची नळी! अण्णा, माझा जीव तीळतीळ तुटत होता हो. तरी मन घट्ट करून खिशातली पुडी काढली आणि बिया चघळू लागलो. व्याह्याच्या पंगतीत घरून आणलेलं खाणारा माणूस तुमच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल. तेवढ्यात घाई झाली. भरल्या ताटावरून उठलो आणि सुटलो तो थेट कांद्याच्या चाळीमागे.

तिथे मी कुंपणाकडे तोंड करून उभा, अजून मुहूर्त लागायचा होता, तोच मागून तुम्ही आणि तुमचे तीन भाऊबंद आलात. एकाच्या हातात हळदकुंकवाचं ताट, दुसऱ्याच्या हातात टॉवेल-टोपी. तुमचे शब्द अजून कानात आहेत: “व्याही, आमचं काय चुकलं आसंल तं सांगा, पन आशी पाठ नका फिरवू!” अण्णा, त्या घटकेला पाठ फिरवण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. तुम्ही मागूनच टोपी घातलीत. एक थेंब यायच्या बेतात होता, तोही दचकून परत गेला.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण निघताना विहीणबाईंनी सायलीला आतल्या खोलीत नेऊन विचारलं म्हणे, तुला तिकडं जाच होतो का गं? पोर नाशिक येईपर्यंत रडत होती. दोन दिवस धड जेवलेली नाही. अण्णा, तिचा यात काडीचाही दोष नाही. आमच्या घरात तिला कुणी चढ्या आवाजात बोललेलं नाही, आणि माझ्या लघवीपायी तिच्या माहेरी भलताच संशय बसावा हे मला बघवत नाही. म्हणून ही लाज कागदावर उतरवली. विहीणबाईंना एवढंच सांगा की व्याह्यांना पथ्य होतं. टोपी मापात बसली.

आपला,
कारभारी

ता. क. – पथ्य डॉक्टरांनी दिलेलं नाही. जॉगिंग ट्रॅकवरच्या आमच्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्याने दिलं. (बिया सांगणारा आणि टोमॅटो सांगणारा यांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून मी दोन्ही खातो.) डॉक्टरांची पायरी मी अजून चढलेलोच नाही. भीती वाटते. आमचा थोरला गोरक्षदादा तुम्हाला आठवत असेल. त्यानेही लाजेपायी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

आणखी एक ता. क. – निघेपर्यंत मी चाळीमागे चार वेळा गेलो. चारही वेळा तुम्ही तिथे होतात. मला वाटलं, मनधरणीला येताय. पण चौथ्या वेळी तुम्ही माझ्या आधीच उभे होतात. हातात ताट नाही, टोपी नाही, तोंड कुंपणाकडे. अण्णा, बराच वेळ उभे होतात.

शेवटचं ता. क. – गुरुवारी अकरा वाजता नाशकात डॉक्टरांकडे दोन नंबर लावले आहेत. नातवाला बघायला जातो असं सांगून निघा. आजवर मुलाचा बाप म्हणून पहिला टिळा, पहिलं ताट, पहिली टोपी मी घेतली. डॉक्टरांच्या खोलीत शिरायचा पहिला मान तुमचा.