पालथा हात

आश्विन शु. ११, शके १८४०
आले एकदाची जव्हारला. त्र्यंबकहून मोखाड्यापर्यंत गाडी, पुढे पाय. हवा झकास. तापाच्या साथीपायी गावाबाहेर मांडव घातलाय, तिथं रोग्यांना पेज पाजायचं काम. जोडीला रामी, इथलीच. म्हणाली, गोदाबाय, तू बोलतीस का भांडतीस? म्हटलं, दोन्ही. लगेच जमलं.

आश्विन शु. १४
मधू कंपाउंडर शिष्ट. नाकाला कापराचं फडकं. रोग्याच्या श्वासाला भितो, म्हणून वाकत नाही. लांबून हात पुढं करून नुसतं मनगट चाचपतो. ठोका लागला तर पेज. नाही लागला तर बोट वर, की उचलणारे येतात. दुसऱ्यांदा कुणी बघत नाही. एवढी कसली घाई मेल्याला!

आश्विन व. १
आज सुकरीवर बोट वर झालं. काल पेज पिताना हसली होती माझ्याशी. छातीवर तिचे हात जुळवायला गेले तर कोमट लागले. मनगटात काही नाही, खरंय. पण अंगठ्याच्या मागं, हाताच्या पाठीवर, कातडीखाली शीर उडत होती. मी ओरडले. मधू म्हणाला, नाडी कुठं असते ते मला शिकवू नका, बाई. मागं धावले तोवर चिता पेटवली होती. आगीतून हात वर आला. मधू म्हणाला, शेकानं स्नायू आखडतात.

आश्विन व. २
रामीचा हात बघितला. ठोका मनगटातच. मग तिनं माझा धरला, बोटं फिरवली, आणि हसत सुटली. मेलेली बाय तू, मेल्यावरबी भांडतीस!
माझाही ठोका मागंच आहे. सुकरीसारखा.
मला नाही हसू आलं.

आश्विन व. ४
परत जाते म्हटलं. नाक्यावर अडवलं, मांडवातल्यांना सोडायचं नाही म्हणे. मधूपुढं हात पालथा धरला, म्हटलं लाव बोट. तो मागंच सरकला. मी खोकले होते.

आश्विन व. ५
अंग मोडून आलंय. रामीला बजावलं, मी पडले तर हात पालथा करून दाखव. हो म्हणाली.

आश्विन व. ७
रामी गेली. दोन्हीकडं बघितलं मी, मनगटात, मागं— खरंच गेली.

आश्विन व. ८
जीभ उचलत नाही. हाताच्या पाठीवर कोळशानं फुली केली. घामानं पुसते. परत केली—

आज
मधू शेजारच्या खाटेशी. बोट वर. शिसपेन सोडायची नाही, हलता हात दिसला तर— बोटं ऐकत नाहीत— आला— हलव गोदे, हल—