कधीच म्हणजे नेमकं कधी?

राहाता

मेहुणे मच्छिंद्रराव यांना सूर्यभानचा रामराम. शेवगावात सगळे खुशाल असतीलच; तुमच्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, गुडघ्याची मात्र मुद्दाम चौकशी करतो. (रागाची नाही. तो ठणठणीत असणार.)

ती भांडून तुमच्याकडे आल्यापासून मी ओट्यावर तोंड पाडून बसतो, म्हणून सूनबाई रुपालीने मोबाईलवर मन हलकं करायचं एक ॲप घालून दिलं. ते रोज एक शब्द देतं आणि त्यावरून आयुष्यातली एकच घटना सांगायला लावतं. कुठे, कधी, कोण होतं, सगळं बारकाव्यानिशी. मोघम बोललेलं त्याला खपत नाही. मी म्हणालो, मला घरात कोणी कधीच विचारत नाही. (याच वाक्यावरून आमचं वाजलं, हे तुमच्या कानावर आलं असेलच.) ॲप म्हणतं, कधीच म्हणजे नेमकं कधी? एक प्रसंग सांगा. मी डोकं खाजवलं. आठवलं काय, तर भांडणाच्याच दिवशी तिने चहा घेता का, भाकरी वाढू का, गोळी घेतली का, असं विचारून विचारून माझा जीव खाल्ला होता. इतकी वर्षं जपलेली तक्रार पार भुईसपाट झाली. असलं यंत्र घरात ठेवू नये.

म्हणून मी ते दूध डेअरीवर नेलं. रांगेत मोठ्याने सराव करायचो (मला कमी ऐकू येतं, म्हणजे त्यालाही कमीच येत असणार), तर सगळ्या रांगेला नाद लागला. आता सेक्रेटरी काकासाहेब सवयीने म्हणाले, "तुमच्या दुधाला कदीच फॅट लागत न्हाई," की सगळे ओरडतात, "कदीच म्हंजी कवा? येक परसंग सांगा!" परवा बिचारे मापं सोडून चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मला फार बरं वाटलं. ॲपला गुण आहे, हे मान्य केलं पाहिजे.

एकूण मी मजेत आहे. तिने सावकाश यावं, घाई नाही.

आपला,
सूर्यभान

ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. दाराआड उभी असेल तर मात्र जरा मोठ्याने वाचा.

आणखी ता. क. आज ॲपने 'दुःख' हा शब्द दिला. मी सांगितलं: स्टँड, सकाळची एसटी, ती खिडकीशी बसली आणि तोंड पलीकडे केलं. मला हाक मारायची होती, मारली नाही. तर ते मेलं म्हणतं, शाब्बास, फार छान आठवण! आणि पडद्यावर फुलं उधळली. मला रडूच आलं हो. रविवारी येतो. तिची पिशवी भरून ठेवा. नाही म्हणाली, तर माझंही अंथरूण घाला.