सूनबाईचा आकडा आणि माझा पंच

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? ताईची साखर आटोक्यात असेलच (नसली तरी ती सांगणार नाही, तेव्हा तुम्हीच डबे तपासा). आम्ही सगळे ठणठणीत. मी तर आज जरा जास्तच, कारण काल आपल्या सूनबाईनं खाडीवरच्या एका मोठ्या साहेबाला चारचौघांत गप्प केलं, आणि त्यात माझा, म्हणजे एका रिटायर झालेल्या बस कंडक्टरचा, सिंहाचा वाटा आहे!

नदी समुद्राला मिळते तिथल्या अभयारण्यात, निसर्ग केंद्रात ती शिकवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं दर हिवाळ्यात पक्षी मोजतात. चिखल्या नावाचा मुठीएवढा पक्षी भरतीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीनं बसतो. सूनबाईनं सलग दोन वर्षं ते हजाराच्या वर मोजले आणि दोन्ही वेळा मोजणीचे प्रमुख असलेल्या त्या दुर्बीणवाल्या साहेबांनी तिचा आकडा फुगवलेला म्हणून खोडला. यंदाही खोडला असता तर मोजणीचं काम तिच्याकडून जाणार होतं. बिचारी आठवडाभर धड जेवली नव्हती. काल रविवारी "बाबा, तुम्हीही चला" म्हणाली, म्हणून गेलो. मला तिच्या आकड्याबद्दल पहिल्यापासून खात्री होती, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात काही धड झाली नाही. केंद्राच्या दालनात भिंतीवर पक्ष्यांची चित्रं आणि प्रत्येकाखाली एक बटण. आता बटण दिसलं की बत्तीस वर्षांची सवय, दोनदा दाबलं (डबल बेल, गाडी सुटली). तर ते पाखरू अख्ख्या दालनात असं काही किंचाळलं की एका बाईंच्या हातातली पाण्याची बाटली पडली. बंद करायला म्हणून शेजारचं बटण दाबलं, तर दुसरं किंचाळायला लागलं. सूनबाईनं मला हाताला धरून बाहेर काढलं.

पुढे पाण्याकाठी एक लाकडी खोली आहे. भिंतीला लांबट फटी, त्यातून पक्षी बघायचे आणि श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आत पाहतो तर सगळी मंडळी दारातच कोंबलेली आणि पुढचा बाक मोकळा! दाजी, मी खूप आवरलं हो. पण तोंडातून निघालंच, तेही गाडीतल्या आवाजात, "पुढे सरका! पुढे जागा आहे, दारात गर्दी करू नका!" माणसं एक पाऊल हलली नाहीत. पक्षी मात्र एकूणएक उडाले. मोजणी अर्धवट राहिली, साहेबांनी माझ्याकडे बघितलं ते नुसतं खाऊ का गिळू, आणि सूनबाईचा चेहरा पांढराफटक. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पण थवा आकाशात दोन गिरक्या घेऊन परत उतरायला लागला. म्हणजे आमच्या भाषेत, प्रवासी चढायला लागले! आणि चढणारी माणसं मोजण्यात माझा हात धरणारा आमच्या डेपोत कुणी नव्हता. खिशात जुना तिकीट-पंच होताच (रिकामा खिसा मला अजून सहन होत नाही). केंद्राचं माहितीपत्रक घेतलं आणि दहा पक्षी टेकले की एक भोक, दहा टेकले की एक भोक. शेवटचा पक्षी बसला तेव्हा साहेब म्हणाले नऊशे. सूनबाई म्हणाली तेराशे साठ. मी पत्रक उजेडात धरलं. एकशे चौतीस भोकं!

सासरा सुनेची री ओढणारच, असं साहेब पुटपुटले. मग माझंही डोकं तापलं. म्हटलं, तुमच्याच माणसानं आत्ता फोटो काढलाय ना, मोजा की बसून! आजवर ते किचकट काम कुणी अंगावर घेतलं नव्हतं. साहेब दीड तास पडद्यासमोर बसून एकेका पक्ष्यावर ठिपका देत होते. तेराशे बावन्न. माणूस सच्चा निघाला हो, सगळ्यांदेखत उठून तिची माफी मागितली आणि आधीच्या दोन वर्षांचे तिचे आकडेही वहीत परत लिहिले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी खारा वारा आहे म्हटलं.

ताईला नमस्कार.

आपला
धाकटा मेहुणा

ता. क. मुख्य काम राहिलंच. गेल्या महिन्यात मी तुम्हाला लिहिलं होतं ना, की सूनबाई चिखलात बसून मनाला येईल तो आकडा ठोकून देते, साहेबांचंच बरोबर असणार? ते पत्र तेवढं फाडून टाका. ती पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे मुक्कामाला येतेय, आणि ताईला आलेली पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायची खोड आहे.

आणखी ता. क. फाडायची गरज उरली नाही. हे पत्र टपालात टाकायला सूनबाईकडे दिलं, तर म्हणाली, बाबा, हे तरी चिकटवून द्या, मागचं उघडंच दिलं होतंत, मीच चिकटवून टाकलं. म्हणजे महिनाभर ही पोर सगळं ठाऊक असून मला गरम गरम वाढत होती! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, अगं, मग बोलली का नाहीस? तर हसून म्हणते, "म्हणून तर रविवारी तुम्हाला घेऊन गेले."