पहारा गटाची निःपक्षपाती निवडणूक

३ मार्च, सकाळी ११
आजपासून रोजनिशी. उजवा पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे. डेपोत ड्यूटीचा तक्ता भिंतीवर लावत होतो, स्टूल सरकलं. चूक सर्वस्वी स्टूलची. ऑफिसच्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना नव्हता.
घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे सहा आठवडे पलंग, खिडकी आणि बाथरूम. हरकत नाही. ज्याच्याकडे काम आहे तो कुठेही बसून करतो.
संकल्प: एक, इंग्रजी सुधारणे. दोन, चिडचिड न करणे. तीन, 'पहारा'ला शिस्त लावणे.
(म्हातारपणी हे वाचताना आठवावं म्हणून: 'पहारा' हा आमचा ऑनलाइन गेममधला गट. आपला किल्ला बांधायचा, दुसऱ्याचा पाडायचा. एकेचाळीस मेंबर. चार वर्षं नेता मीच. लोकाग्रहास्तव.)

४ मार्च, दुपारी
ही सकाळी साडेनऊला चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, ती सहाला येते. काल बेल वाजली तेव्हा कुबड्या घेऊन दारापर्यंत पोचायला मला सोळा मिनिटं लागली. तोवर मीटर बघणारा निघून गेला होता. म्हणून ही आजपासून बाहेरून कुलूप लावून जाते. कल्पना माझीच होती. उगाच माणसं येऊन कामात व्यत्यय आणतात.
अजून कोणी आलेलं नाही. पण आलं असतं.

५ मार्च
गटात 'सुई' नावाने खेळणारी एक नर्स आहे. हाडांच्या वॉर्डात असते. तिने आज सगळ्यांसमोर लिहिलं की दादा, चार वर्षं झाली, एकदा निवडणूक घेऊ या का. खाली बत्तीस जणांनी अंगठे दिले. 
मला मनापासून आनंद झाला. खुर्चीचा मोह मला कधीच नव्हता. ताबडतोब कळवलं की निवडणूक जरूर घेऊ, पण ती संपूर्ण निःपक्षपाती हवी, आणि त्यासाठी आधी नियम हवेत. ते मी करतो. एकोणीस वर्षं दीडशे ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावतोय. माझ्याइतका निःपक्षपाती माणूस गटात नाही. 
बत्तीस अंगठे तीन वेळा मोजावे लागले. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

७ मार्च, सकाळी
नियमांचा पहिला मसुदा तयार. सात पानं. 
ठळक मुद्दे. उमेदवाराला गटात किमान चार वर्षं झालेली असावीत. नेता लोकांना सापडला पाहिजे, म्हणून उमेदवार कामाच्या दिवशी दहा ते पाच ऑनलाइन असावा. प्रत्येकाच्या मताचं वजन त्याच्या महिन्याभराच्या हजेरीवर.
मग एकेक नाव तपासलं, पात्र कोण कोण ठरतं ते. एकच निघालं. योगायोग.

७ मार्च, संध्याकाळी
हिला मसुदा वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. सगळी सात पानं शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "मग निवडणूक कशाला घेताय?" 
तिला लोकशाही समजावून सांगितली. ती मध्येच कुकर बघायला उठली.

९ मार्च
गटातल्या 'सरां'ची हरकत आली. हे निवृत्त गणिताचे मास्तर, खेळतात बेताचं. त्यांनी विचारलं, निवडणूक अधिकारी कोण. कळवलं, मी. उमेदवार कोण. कळवलं, मीही. मतं मोजणार कोण. माणसाने किती प्रश्न विचारावेत.
पण मोठं मन केलं. मतमोजणीच्या दिवशी उमेदवार म्हणून मी रजेवर असेन असा नवा नियम घातला. चार वर्षांची आणि दहा ते पाचची अटही काढली. मताचं वजन मात्र ठेवलं. जो जास्त राबतो त्याचं जास्त ऐकावं, यात गैर काय? हल्ली मी दिवसाला नऊ तास राबतोय.

१० मार्च, दुपारी २
खिडकीतून आमच्या डेपोची बस दिसते. मुद्दाम घड्याळ लावून बसलो. माझ्याशिवाय वेळापत्रक कोलमडणारच. 
साडेदहाची साडेदहाला. बाराची बाराला. दीडची एक एकोणतीसला आली आणि मिनिटभर थांबून वेळेवर सुटली. 
पडदा ओढून घेतला. ऊन फार येतं.

१४ मार्च, शनिवार
नियमांची चाचणी म्हणून छोटं मतदान घेतलं होतं: आज शेजारच्या किल्ल्यावर हल्ला पाचला करायचा की सहाला. सहाच्या बाजूने अडतीस, पाचच्या बाजूने मी. वजनं लावून हिशेब केला तर पाच वाजताचा प्रस्ताव काठावर मंजूर झाला. रीतसर जाहीर केलं. 
पाचला वेशीवर मी एकटा. सात मिनिटांत मारला गेलो. सहाला बाकीचे सगळे आले आणि त्यांनी किल्ला घेतला. 
निष्कर्ष: नियम उत्तम चालले. लोकांनी साथ दिली नाही.

१५ मार्च
एक गंभीर गोष्ट लक्षात आली. सुईने उमेदवारी जाहीर केली आहे, आणि पाय मोडल्यापासून ती रोज मला विचारते: दादा, पाय उशीवर आहे ना, बोटं हलतात ना, बोटांचा रंग कसा आहे. मला वाटायचं आपुलकी. आता कळलं, प्रचार. मतदाराशी गोड बोलून मत खिशात घालायचं.
आचारसंहिता लागू केली. कलम नऊ: निवडणूक संपेपर्यंत कोणत्याही उमेदवाराने मतदाराच्या तब्येतीची चौकशी करू नये. 
तिने "बरं" एवढंच लिहिलं.

१७ मार्च
कलम नऊ प्रभावीपणे लागू आहे. आज कोणीही काहीही विचारलं नाही. दिवसभरात फोन एकदा वाजला, तोही कंपनीचा, रिचार्ज संपत आल्याचा. त्या बाईंचं रेकॉर्ड केलेलं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. सौजन्य म्हणून.
इंग्रजी अजून सुरू नाही. उद्यापासून.

१८ मार्च
प्लास्टर घट्ट वाटतंय. पाय आतून ठणकतो. हिला सांगितलं नाही. दुकानात स्टॉक मोजायचाय, तिला उगाच सुट्टी पडायची. शिवाय मीच म्हणालो होतो की दिवसभर माझं मी बघतो.

१९ मार्च, सकाळी ११.२०
बोटं जांभळी. सुजून एकमेकांना चिकटलीत. टाचणी टोचून पाहिली, कळलं नाही. दार बाहेरून बंद. ही फोन उचलत नाही, गिऱ्हाईक असेल. 
सुईला विचारणं म्हणजे माझंच कलम मोडणं. तेव्हा मार्ग काढला. गटात 'एक तांत्रिक शंका' या मथळ्याखाली लिहिलं: एखाद्या मतदाराचा पाय जांभळा झाल्यास काय तरतूद आहे? 

१९ मार्च, संध्याकाळी ७
दमलोय, तरी नोंद हवी.
शंका टाकल्याबरोबर मिनिटात सुईचा फोन. गेल्या चार वर्षांत आवाज पहिल्यांदा ऐकला. वाटला होता त्यापेक्षा मोठ्या वयाचा. म्हणाली, "दादा, बोटं हलवून बघा." हलली नाहीत. "मग आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. संध्याकाळी नाही, आत्ता." 
मी तिला कलम नऊची आठवण करून दिली. 
ती म्हणाली, "कलम राहू द्या. वहिनींच्या दुकानाचा नंबर सांगा." 
पंचवीस मिनिटांत कुलूप उघडल्याचा आवाज. ही, समोरचा सुतार आणि त्याचे दोन जोडीदार. मला जेवणाच्या खुर्चीला चादरीने बांधून तीन मजले खाली नेलं. हिने पूर्ण वेळ माझा हात धरला होता. मी तिला सांगत होतो की रडायचं काही कारण नाही. ती म्हणाली की ती रडत नाहीये, मी रडतोय. 
डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. म्हणाले, अजून तीन-चार तास गेले असते तर पायाचं काही खरं नव्हतं. डॉक्टर लोकांना वाढवून सांगायची सवय असते.
नवीन प्लास्टर. सैल आहे. परत वर आणताना सुतार प्रत्येक मजल्यावर थांबला.

२१ मार्च, सकाळी
पेच. सुईने उघडउघड आचारसंहिता मोडली. निवडणूक अधिकारी या नात्याने उमेदवारी रद्द करणं भाग. पण पाय माझा होता, हेही खरं. माणुसकी आणि नियम यांत रात्रभर नीट झोप नाही.
शेवटी मध्यम मार्ग काढला. उमेदवारी कायम, फक्त तिच्या एकूण मतांतून दहा टक्के वजा. याहून उदार निर्णय कुठल्या अधिकाऱ्याने दिला असता? नोटीस गटात लावली.

२१ मार्च, संध्याकाळी
हिने नोटीस वाचली. हिला गटात कोणी घेतलं, माहीत नाही. 
फोन माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "तिने तुमचा पाय वाचवला, आणि तुम्ही तिची मतं कापलीत?" 
मी म्हटलं, कापली नाहीत, वजा केली. 
ताट पलंगावर ठेवून ती बाहेरच्या खोलीत जेवायला बसली. हे लग्नानंतर दुसऱ्यांदाच. पहिल्यांदा कशावरून ते आठवत नाही, पण तेव्हाही माझाच मुद्दा बरोबर होता.

२४ मार्च
मतदारयादीत थोडी घट. सकाळी हिच्यासकट बेचाळीस, दुपारी सव्वीस, चारला नऊ. यादीचं शुद्धीकरण होतंय असं धरून चाललो. अशाने खरे निष्ठावंत कळतात.

२५ मार्च, दुपारी
निष्ठावंत: मी.
सर जाताना निरोप ठेवून गेले. सगळ्यांनी नवा गट काढला आहे. नियम केले नाहीत. कोण हवं असं विचारलं, सगळ्यांनी सुई म्हटलं, चार मिनिटांत आटपलं. सरांनी पुढे लिहिलं होतं की तुमचे नियम मी दोनदा वाचले, त्यात आकडेमोडीची एकही चूक नाही. मास्तरांकडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ.
तासाभराने सुईचंही निमंत्रण आलं. दादा, या, तुमची जागा ठेवली आहे. अट काही नाही.

२६ मार्च
जाता येत नाही. गेम एका वेळी एकाच गटात राहू देतो. आणि आमचा नियम तेवीस सांगतो की रीतसर निवडून आलेल्या वारसाकडे कार्यभार सोपवल्याशिवाय नेत्याने गट सोडू नये. नियम बदलायला दोन तृतीयांश सभासदांची सभा हवी, आणि जुन्या यादीवर ते सगळे अजून सभासदच आहेत, कारण राजीनाम्याचा फॉर्म कोणीच भरला नाही. 
सुईला हे सगळं कळवलं. ती म्हणाली, दादा, नुसतं बटण दाबा आणि बाहेर पडा. 
तिला प्रशासन कळत नाही. बटणावर बोट मात्र बराच वेळ ठेवलं होतं. सवयीने.

२८ मार्च
रिकाम्या किल्ल्यात फेरी मारली. चार बुरुज, दोन विहिरी, घोडे. घोड्यांना दाणा घालायचं काम सर करायचे; मला कुठलं बटण ते माहीत नव्हतं. शोधलं. नऊ घोडे, एकेक करून घातला.
हिने दुकानातून रोज अर्धा दिवस सुट्टी मागितली आहे, सोमवारपासून. माझ्यासाठी नाही, म्हणाली.

३१ मार्च, संध्याकाळी ५.१५
मतदान शांततेत पार पडलं. वेळ ठरल्याप्रमाणे दहा ते पाच. अधिकारी हजर, उमेदवार नियमानुसार रजेवर, मतदार हजर. मतदाराने दहा वाजून पाच मिनिटांनी मत दिलं, तरी नियमानुसार पाचपर्यंत केंद्र उघडं ठेवलं.
पर्याय दोन होते. एक मी. दुसरा 'यांपैकी कोणीही नाही', सरांच्या हट्टाखातर ठेवलेला.
पाचला मोजणी. कोणीही नाही: एक. मी: शून्य.
फेरमोजणी केली. तिसऱ्यांदाही केली. बोट घसरलं असण्याची शक्यता आहे. मतदान गुप्त असल्याने मतदाराला कारण विचारता येत नाही. 
कोणीच निवडून न आल्यास विद्यमान नेत्याने काम पुढे चालू ठेवावं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मतदान घ्यावं, अशी तरतूद आहे. मीच लिहिली आहे. चांगली लिहिली आहे, फट कुठेच नाही.
हिने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं निवडणुकीचं. 
म्हटलं, एका मताने पडलो.