जास्तीचा जोड

१४ नोव्हेंबर १९४४, मुरूम

आलो एकदाचा नोकरीच्या गावी! नळदुर्गाहून निघताना आई रडत होती आणि मी मनातून खूश होतो, हे इथं लिहायला हरकत नाही. कापसातून सरकी वेगळी काढायच्या जिनिंगमध्ये कारकून झालो आहे. शाळा उर्दूत झाली, पण उर्दूत मी फक्त अर्ज लिहितो. रोजनिशी आपल्या मराठीतच.

मॅनेजर महालिंगप्पा दिसायला तापट, पण दुपारी त्यांच्याच घरून माझ्यासाठी भाकरी आणि शेंगाचटणी आली. फाटकावर दादामियाँ पहारेकरी बसतात. साठी उलटलेली, दाढीत रुईचे धागे अडकलेले. त्यांनी मला अडवलं आणि बूट काढायला लावले. खिळ्याची ठिणगी उडाली तर रुईसकट सगळे जळू, म्हणून मजूर असो की कापूस घेऊन आलेला पाटील, पायताणं फाटकाशी ओळीनं काढायची. महालिंगप्पाही अनवाणी फिरतात. मला फार गंमत वाटली.

१९ नोव्हेंबर

आज माझे बूट गायब! फिटर बलभीम ते घालून खुशाल परसाकडं जाऊन आला. मी तापलो, तर दादामियाँ हसत म्हणाले, बाबू, इथं पायताण कुनाचं एकट्याचं न्हाय, पाय बसला की झालं. भरपाई म्हणून बलभीमनं मला त्याच्या नव्या वहाणा घालून मिरवायला लावलं. पाऊल टाकलं की करकर अशी की अर्ध्या गावाला ऐकू जावी. त्याची बायको धुरपदाबाई इथंच कापूस निवडते. ती म्हणाली, ह्यो कुठं जातोय ते कळावं म्हनून म्याच चांभाराला करकर घालाया सांगितलं. सगळे हसले. ही माणसं मला आवडू लागली आहेत.

७ डिसेंबर

दादामियाँ गेले. मारले गेले.

दुपारी यंत्रं थांबली होती, सगळे आवारातल्या विहिरीकडं भाकरी खायला गेले होते. फाटकाशेजारच्या माझ्या खोलीत मी एकटा. दोन परके आले. कापूस विकायचा म्हणाले. दादामियाँनी त्यांना पायताणं काढायला लावली, एवढं ऐकलं. मग शेजारी महालिंगप्पांच्या खोलीत पगाराची पेटी ओढल्याचा आवाज, झटापट. मी दाराला आतून कडी घातली. दादामियाँ दारावर थापा मारत होते. बाबू, दार उघडा. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा नुसतंच, बाबू.

मी उघडलं नाही.

नंतर फाटकातून पळणारी पावलं, आणि त्यात ती करकर. भरभर, एकसारखी. मला वाटलं, हा बलभीमच.

पोलिसांचे अमीनसाहेब आले, त्यांनी विचारलं, काय पाहिलं? सगळा कारखाना समोर उभा होता. कडी लावून बसलो होतो हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणालो, धावत बाहेर आलो, तोंडाला फडकं बांधलेला बलभीम पळताना पाहिला, वहाणांवरून ओळखला. पेटी साथीदाराला देऊन तो मागच्या भिंतीवरून परत आला असणार, हे अमीनसाहेबांनीच जुळवलं. बलभीमला अनवाणी नेलं. त्याच्या वहाणा कुठंच नव्हत्या.

८ डिसेंबर

संध्याकाळी सगळे आपापली पायताणं घालून घरी गेले. ओळीत एक जोड उरला. रुंद, जाड तळाचा, कुणाचाच नाही.

तो हातात घेतला आणि सगळं उलगडलं. बाहेर बाभळीचे काटे. पळणाऱ्यानं हाताशी आला तो जोड पायात सरकवला आणि स्वतःचा इथं टाकला. पाय बसला की झालं! मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण जबाब बदलायचा तर कडीपासून सांगावं लागेल.

तो जोड मी मागं पडून राहिलेल्या कुजक्या सरकीच्या ढिगात खोल पुरला. मी नीच माणूस आहे.

२१ मार्च १९४५

अदालतीत गवाही दिली. रानात सापडलेल्या बलभीमच्या वहाणा टेबलावर होत्या. धुरपदाबाई सांगत होती, त्या वक्ताला त्यो माझ्यापाशी इंजिनामागं भाकर खात व्हता. बायकोचं कोण ऐकतो? माझं ऐकलं. बलभीम सारा वेळ माझ्या बुटांकडं बघत होता.

फाशी.

लोक म्हणतात हैदराबादहून मंजुरी लागते, ती सहसा येत नाही. त्या आशेवर दोन घास जातात.

२ ऑगस्ट

हंगाम बंद, कारखान्यात मी एकटाच. भर दुपारी करकर ऐकली. उंदीर म्हणावं तर चालल्यासारखी. एक जोरात, एक हलकी. मी थांबलो की थांबते. बलभीम तर जिवंत आहे, तुरुंगात आहे. मग हे कोण चालतं?

१९ नोव्हेंबर

हंगाम सुरू. करकर रोज दुपारी, यंत्रं थांबली की. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही.

धुरपदाबाई परत कामाला आली. भांडली नाही. हळूच विचारलं, बाबू, तुमी बघितलं म्हनता, तवा त्यो लंगडत व्हता का? सकाळीच त्याच्या डाव्या पायात काटा मोडला व्हता, म्या काढाया बसले, निघाला न्हाय.

मी हजेरीची वही उघडली. एक जोरात, एक हलकी —

त्या दिवशी मी ऐकली ती एकसारखी होती.

२६ नोव्हेंबर

मंजुरी आली. परवा पहाटे. धुरपदाबाई फाटकाशी मातीत बसून आहे, रडतही नाही.

सगळं लिहून काढलं. कडी, थापा, जास्तीचा जोड. अमीनसाहेबांकडं जायला उमरग्याची मोटार दोनला. एवढा कागद पोहोचला तर तो वाचेल. मी तोंड काळं करून घेईन, पण तो वाचेल.

दुपार. यंत्रं थांबली. पुरावा म्हणून जोड काढायला सरकी उकरली — नाही. तळापर्यंत नाही.

फाटकाशी आलो. ओळीत आहे. रुंद, जाड तळाचा. शेजारी बलभीमच्या वहाणा. त्या तर अदालतीत —

खोलीत आलो. कडी घातली. का घातली? हात आपोआप गेला —

थापा पडतायत. बाबू, दार उघडा.

दादामियाँ, उघडतो. या वेळी उघडतो. कागद खिशात आहे. कडी सरकत नाही, दोन्ही हातांनी —

नुसतंच, बाबू.

मोटारीचा भोंगा. जाऊ देऊ नका, कुणीतरी थांबवा तिला —

करकर. दाराबाहेर नाही. खोलीत. माझ्या मागं. एक जोरात, एक